नवव्या लेव्हलच्या खाली

नाशिक रोड,
१९ जानेवारी १९८६

प्रिय रंगनाथ,

सप्रेम जयभीम.

परत येऊन आठवडा झाला. पोचल्याची तार केली होती, ती मिळाली असेलच. तिच्यात 'सुखरूप पोचले' एवढंच लिहिलं, कारण तारेत त्याहून जास्त मावत नाही आणि तेव्हा मला दुसरं काही सुचतही नव्हतं. प्रवास चांगला झाला. लतावहिनींनी बांधून दिलेल्या भाकऱ्या आणि ठेचा नागपूरपर्यंत पुरला. भुसावळ सोडल्यावर काळी जमीन आणि वरून तासून काढल्यासारखे सपाट माथ्याचे डोंगर दिसायला लागले, तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, "माहेरी चाललात वाटतं?" मी हो म्हटलं. माहेरी आता कोणी नाही हे सांगत बसण्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं. मग त्यांनी मला एक संत्रं दिलं आणि मनमाडपर्यंत आपल्या सुनेबद्दल बोलत राहिल्या.

आई गेल्यापासून मी कुठूनही आले तरी कुलूप मलाच उघडावं लागतं, याची आता सवय झाली आहे. या खेपेला मात्र दार उघडून आत बॅग ठेवली आणि तशीच उभी राहिले. तुमच्या क्वार्टरमध्ये आठ-दहा दिवस चार माणसांचे आवाज ऐकले होते. तुझ्या मुली ताट वाजवून भांडतात, तू आंघोळीच्या पाण्यासाठी ओरडतोस, वहिनी स्टोव्हला शिव्या घालतात. इथे एक नळ ठिबकत होता तेवढाच. समोरच्या विठाबाई चहा घेऊन आल्या. "बिहारला कशाला गेला होतात इतक्या थंडीत?" असं त्यांनी विचारलं. "खाण बघायला," म्हटलं. "बघितली का?" "बघितली." एवढ्यावर आमचं बोलणं संपलं. त्यांना आणखी सांगायचं तर कुठून सुरुवात करायची? मी त्या खाणीचा नकाशा काढला होता आणि ती मला आयुष्यात पहिल्यांदा दिसली, हे चहाच्या कपाबरोबर कसं सांगणार? हे कळणारं माणूस एकच आहे, आणि ते शालडीहला आहे. म्हणून लिहायला बसले. पण लिहायला बसण्याचं कारण तेवढंच नाही. ते सांगेन. मला थोडा वेळ दे.

आधी इथली हालहवाल. मंगळवारी पेठकडे जाऊन आले. आमचा जीपचा ड्रायव्हर सहादू रजेवरून परतला आहे, त्याला मुलगा झाला, त्यामुळे वाटेत तीन ठिकाणी पेढ्यांसाठी गाडी थांबली. डोंगरातल्या एका पाड्यावर बोअर कुठे घ्यायची ते ठरवायचं होतं. आपला हा काळा दगड तुला ठाऊक आहे. थरावर थर, पोळ्यांची चवड ठेवल्यासारखा. दोन थरांच्या मधे लाल माती किंवा भुसभुशीत पट्टा सापडला तर पाणी, नाही तर ठक्क कोरडं. मी दिवसभर ओहोळातून वर-खाली चढले आणि मला तो पट्टा कुठे दिसला नाही. तिथली एक म्हातारी, नवसाबाई, माझ्या मागे-मागे फिरत होती. तिकडे अहोजाहो नसतं. शेवटी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, येथं पानी हाय का नाय, खरं सांग." मी म्हटलं, "इथे नाही. खालच्या अंगाला, सागाच्या पलीकडे आहे." मला वाटलं, आता ही रडेल नाहीतर मला बोल लावेल. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलास. पोरगा येथंच घर बांधाया निघाला व्हता." आणि तिथूनच हाका मारत खाली उतरायला लागली. माझी ही नोकरी अशी आहे, रंगनाथ. निम्म्या वेळा नाही म्हणायचं. तांब्याच्या शोधात असताना मला 'आहे' म्हणायचं वेड होतं. पाण्याच्या खात्यात आल्यावर 'नाही' म्हणायला शिकले.

त्या वेडाच्या दिवसांची आठवण तू काढलीस ना, मी निघायच्या आदल्या संध्याकाळी? वहिनी मुलींना झोपवत होत्या आणि तू म्हणालास, "तुला आठवतंय, तू मला किती छळायचीस?" आठवतं. बहात्तर साली मी तिथे आले तेव्हा कंपनीची कल्पना होती की एम. एस. गांगुर्डे नावाचा कोणी मुलगा येतोय. पुणे विद्यापीठाची पहिल्या वर्गाची एम. एस्सी. बघून त्यांनी मुलाखतीशिवायच नेमणूक केली होती. स्टेशनवर मला घ्यायला आलेला माणूस मला ओलांडून पुढे गेला आणि रिकाम्या प्लॅटफॉर्मवर गांगुर्डेला शोधत राहिला. मग सुपरिंटेंडेंटसाहेबांनी चष्मा पुसत मला सांगितलं की कायद्याने बाईमाणसाला जमिनीखाली कामाला पाठवता येत नाही, तेव्हा तुम्ही कोअर शेडमध्ये बसा. बसले. पत्र्याची ती लांब शेड, ड्रिलने काढलेल्या दगडाच्या कांड्या लाकडी खोक्यांत ओळीने लावलेल्या, आणि मी. जमिनीखालचं जे काही वर यायचं ते मनगटाएवढ्या जाडीच्या कांड्यांतून. बाहेर पाऊण कोसावर चानकाच्या, खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीच्या, तोंडावरचं चाक फिरत असायचं, माणसं पिंजऱ्यातून खाली जायची, वर यायची. मी भिंग घेऊन कांड्या बघायची. माझे आप्पा, सावळीराम गांगुर्डे, कसारा घाटात रेल्वेचे गँगमन होते. बोगद्यात जाण्यावर त्यांना कोणी बंदी घातली नव्हती, उलट पावसाळ्यात ढकलून पाठवत. मी त्यांना पत्रात लिहिलं की मला बोगद्यात जाऊ देत नाहीत. त्यांनी उलट टपाली कळवलं, 'फार उत्तम.'

आणि मग एक दिवस एक खोकं माझ्या पायावर पडलं, मी कळवळून "मेले गं बाई!" म्हणून ओरडले, आणि दारात चिखलाने माखलेला एक माणूस उभा राहून म्हणाला, "अहो, तुम्ही आपल्याकडच्या का?" तू कळवणचा, मी नाशिक रोडची, आणि घर तिथून दीड दिवसाच्या रेल्वेवर. त्या संध्याकाळी तू शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पाठवलास. दुसऱ्या दिवशी मी तुला जयभीम म्हटलं. तू क्षणभर थांबलास. मी ते बघितलं, आणि मी ते बघितलेलं तू बघितलंस. मग तू म्हणालास, "चटणी संपली की डबा परत द्या, दुसरी आली की भरून देतो." मला तेवढं पुरलं.

तू खाली जायचास आणि मला तुझ्या डोळ्यांवर भागवावं लागायचं. सुरुवातीला ते डोळे फार वाईट होते. मी विचारायची, "आज समोरचा दगड कसा होता?" तू म्हणायचास, "काळा." "किती काळा?" "लय काळा." असं वर्षभर चाललं. हळूहळू तू दगडावरच्या बारीक रेघा कुठल्या बाजूला कलतात ते कंपासने मोजून आणायला लागलास. तांब्याच्या शिरेच्या वरच्या अंगाला गारगोटीचा पांढरा पट्टा आहे की नाही ते सांगायला लागलास. तू पाय आपटत शेडमध्ये शिरलास की मी कागद ओढून बसायची. तू बोलायचास, मी काढायची. तुला भूक लागलेली असायची आणि तरी तू बसायचास.

रविवारी आपण तांब्याचा पट्टा बघायला जायचो. चंद्रकोरीसारखा वळलेला तो सगळा पट्टा, सालवृक्षांच्या जंगलातून, टेकड्यांच्या कडेकडेने. जुन्या लोकांनी तांबं गाळून टाकलेल्या मळीचे ढीग, त्यांच्यावर झाडं वाढलेली. एक ढीग, मग दोन-दोन कोस काहीच नाही, मग पुन्हा ढीग. तू म्हणालास, "एवढा लांब पट्टा आहे, मग यांनी जागा सोडून-सोडून का खणलं? आळशी होते की काय?" मी तुला तिथेच भुईमुगाची शेंग फोडून दाखवली. तांबं असं असतं म्हटलं. टरफल लांब दिसतं, पण दाणा ठरावीक जागी. दाणा असतो तिथे शेंग फुगते, दोन दाण्यांच्या मधे आवळते. तो सगळा प्रदेश फार जुन्या काळी दाबला, ताणला, मुरगाळला गेला. त्या मुरगाळलेल्या फटीतून गरम पाणी वर चढलं आणि जिथे जागा मिळाली तिथे त्याने तांबं ठेवलं. सगळीकडे सारखं ठेवलं नाही. दगडावरच्या रेघा ज्या बाजूला कलतात, त्याच बाजूला शेंग जमिनीत तिरकी शिरलेली असते. एक दाणा संपला म्हणजे शेंग संपली असं नाही. तू दाणे खाऊन टाकलेस आणि म्हणालास, "एवढं सोपं आहे तर साहेबांना का कळत नाही?"

साहेबांना पटायला चौऱ्याहत्तर साल उजाडलं. उत्तरेकडच्या अंगाला सहाव्या लेव्हलवर, जमिनीखालच्या सहाव्या मजल्यावर, शीर आवळत-आवळत बोटाएवढी झाली आणि नाहीशी झाली. ते म्हणाले, उत्तर भाग संपला, पंप काढून घ्या. मी कागदावर दाखवलं की पुढचा दाणा खाली आणि थोडा पूर्वेला सरकून असला पाहिजे. एक भोक पाडा, एकच. ते हसले. मग तू उठलास. तू तेव्हा असिस्टंट मॅनेजर, तुझी नोकरी कच्ची. तू म्हणालास, भोक कोरडं निघालं तर माझी पुढची बढती रोखा. मी तुला बाहेर येऊन रागावले होते. तू म्हणालास, "तुझ्या रेघांवर माझा भरवसा हाय." भोक पडलं, कांड्या वर आल्या, आणि एका सकाळी खोक्यातली एक कांडी पितळेसारखी झळाळली.

खालून बोगदा तिथवर पोचायला पुढे वर्ष गेलं. त्या दिवशी मी शेडमध्ये फोनजवळ बसून होते. फोन वाजला, आधी नुसता धापा टाकल्याचा आवाज आला, आणि मग तू ओरडलास, "शे, मैना! शे!" ऑफिसात तू इतकी वर्षं शुद्ध बोलत होतास, आणि तांबं दिसल्यावर 'आहे'च्या जागी तुझ्या तोंडातून तुझ्या आईची अहिराणी बाहेर पडली. मला त्या एका शब्दाचा जितका आनंद झाला तितका पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

मग पाहुणे आले. दिल्लीचे, कलकत्त्याचे, एका डायरेक्टरांचे जावई, वर्तमानपत्रवाले. सगळे हेल्मेट घालून पिंजऱ्यातून खाली गेले. मी चानकाच्या तोंडाशी हारांची टोपली सांभाळत उभी होते. त्या दिवशी तू सगळ्यांच्या शेवटी वर आलास, जेवायला गेला नाहीस, सरळ शेडमध्ये येऊन बसलास आणि तांब्याची ती भिंत मला सांगितलीस. किती उंच, कुठे पिवळी, कुठे निळसर, गारगोटी कुठून आत शिरली आहे, दिवा तिरका धरला की ती कशी दिसते. इतकं नीट सांगितलंस की मला डोळे मिटून काढता आलं असतं. आणि मला पहिल्यांदाच तुझा राग आला. तुला ते कधी कळलं नाही. तू ते बघितलं होतंस, आणि मी ऐकत होते. कोणी कितीही जीव ओतून सांगितलं तरी ऐकणं ते ऐकणंच.

पंच्याहत्तरच्या दिवाळीला तू कळवणला गेलास. जाताना म्हणालास, "घरी एकदा बोलतो." कशाबद्दल ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही, पण तू परत यायच्या दिवशी मी शेड झाडून घेतली होती. तू आलास, खुर्चीवर बसलास आणि कांद्याबद्दल बोललास. रोप कसं पिवळं पडलं, भाव कसा गेला, वडिलांनी विहिरीला नवं इंजिन कसं बसवलं. बराच वेळ कांद्याबद्दल बोललास. मी मधे-मधे 'हो का?' म्हणत होते. तू उठलास तेव्हा तुझे डोळे लाल होते. मला समजलं. तेव्हा मी काही बोलले नाही याचं तुला वाईट वाटलं असेल, पण काय बोलणार होते? तुझ्या वडिलांशी भांड, असं सांगायचा हक्क तू मला दिला नव्हतास, आणि मागून घ्यायचा माझा स्वभाव नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुझं लग्न झालं. वहिनी आल्या. मला वाटलं होतं त्या मला आवडणार नाहीत. पण त्या पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "ताई, इथं कुणी मराठी बोलत नाही, मी रोज आले तर चालेल का?" अशा बाईला कोण नको म्हणेल? अठ्ठ्याहत्तरला आप्पा गेले, आई एकटी पडली, आणि मी इथली नोकरी धरली. लोकांना ते कारण पुरलं. तुलाही पुरलं असावं.

म्हणून गेल्या नोव्हेंबरात कंपनीचं पत्र आलं तेव्हा मी ते खूप वेळ नुसतं हातात धरून बसले. समिती नेमली आहे, उत्तर भागाचं भवितव्य ठरवायचं आहे, मूळ नकाशे आपले आहेत, तरी आठ-दहा दिवस यावं. माझं नाव तू सुचवलंस हे मला तिथे आल्यावर कळलं. आणि सुपरिंटेंडेंटच्या खुर्चीत तू बसलेला पाहून हसू आलं. तू माझ्यापुढे हेल्मेट ठेवलंस. म्हणालास, "आता तू कंपनीच्या हजेरीपटावर नाहीस. परवानगी काढली आहे. चल."

रंगनाथ, त्या सकाळबद्दल मी तुला तिथे काहीच बोलले नाही. पिंजऱ्याचं दार लागलं तेव्हा मी तुझ्या बाहीला धरलं होतं. तू बघितलं नाहीस असं दाखवलंस. खाली पाण्याचा आवाज, ओल्या लाकडाचा वास, आणि इतकं ऊबदार. इतकी ऊब असेल हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस! लाकूडकाम करणारा म्हातारा मुर्मू तिथे टेकू ठोकत होता. त्याने मला ओळखलं. "दीदी आ गई," तो बाकीच्यांना म्हणाला, "अब तांबा मिल जाएगा." सातव्या लेव्हलवर तू मला त्या भिंतीच्या जागी नेलंस. भिंत आता उरली नव्हती, सगळी काढून नेलेली. देवळाच्या सभामंडपाएवढी मोठी पोकळी होती. टोपीवरचा दिवा फिरवून मी तिच्या कडा बघत राहिले. मी शेडमध्ये बसून काढलेला आकार, तिरका, फुगीर, दोन्हीकडे आवळत गेलेला, तिथे रिकामा होऊन उभा होता. मी त्यात मावत होते. तू दूर जाऊन उभा राहिलास आणि मला तिथे एकटं राहू दिलंस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते.

मग आपण नवव्याला गेलो. तुझी सगळी आशा खालच्या एका भोकात होती, हे मला ठाऊक आहे. नवव्याच्या खाली घेतलेल्या त्या भोकात वीतभर तांबं सापडलं होतं आणि तू मला म्हणालास, "तिसरा दाणा. तूच शिकवलंस." मीही नाशिकहून तेच मनात धरून निघाले होते. कांडी हातात घेतली तेव्हाही मला तसंच वाटलं. वरून बघितलं असतं तर मी तुझ्या बाजूने लिहिलं असतं. पण मी या खेपेला वर नव्हते. नवव्याच्या टोकाला शीर आवळून संपली आहे, ते तर होतंच. त्यापुढे दगडावरच्या रेघा बदलतात. त्या पूर्वेला उतरत नाहीत, आडव्या होतात, आणि मग नसतातच. दगड मुरगाळलेला राहत नाही. आणि तुझ्या डाव्या हाताला, टेकूच्या मागे, दगडाला उभी चिरत गेलेली एक फट होती, चुनखडीने भरलेली, आणि तिच्यात तांब्याचे टपोरे, चकचकीत कण. मी हात लावून बघत होते तेव्हा तू दिवा धरला होतास. ती फट फार नंतरची आहे. वरच्या दाण्यातलं तांबं विरघळून त्या फटीतून खाली ओघळलं आहे. तुझ्या भोकाला लागलं ते हेच. तो तिसरा दाणा नव्हे. दुसऱ्याचाच ओघळ आहे.

मी वळले तेव्हा तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. विचारलं नाहीस. वर येताना पिंजऱ्यात तू मला क्वार्टरमागे लावलेल्या फ्लॉवरबद्दल सांगायला लागलास, यंदा गड्डे कसे लहान राहिले ते. दहा वर्षांत तू जराही बदलला नाहीस. रात्री वहिनींनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, खाली काहीतरी निघू द्या हो. पोरींची शाळा इथली, यांचा जीव इथला." मी त्यांना म्हटलं, बघू. तिथे 'बघू' म्हणायला नको होतं. पण त्यांच्या हाताला पीठ होतं आणि त्या माझ्यासाठी बाजरीची भाकरी थापत होत्या.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. माझा अहवाल तयार आहे. नवव्या लेव्हलच्या खाली काढण्यासारखं तांबं नाही, असं मी लिहिलं आहे, आणि तेच खरं आहे. दक्षिणेच्या अंगाला छत तोलायला राखून ठेवलेल्या तांब्याच्या खांबांत दोनेक वर्षांचं काम आहे, तेही लिहिलं आहे, म्हणजे एका दिवसात कुलूप लागणार नाही. समिती फेब्रुवारीत बसेल, तोवर यातलं अक्षरही कोणाला सांगायची मला मुभा नाही. पण दुसऱ्या खाणीत बदली मागायची मुदत एकतीस जानेवारीला संपते, आणि तुझ्या माणसांपैकी कोणीच अजून नाव दिलेलं नाही. का, ते मुर्मूने मला सांगितलं. रंगनाथसाहेब म्हणाले, गांगुर्डेबाई बघून जाऊ देत, मग ठरवा. म्हणून हे पत्र उद्या रजिस्टरने टाकते आहे. नियम मोडते आहे हे जाणून टाकते आहे. मिळाल्या दिवशी सगळ्यांना बोलाव आणि सांग. माझं नाव घेऊन सांग, गांगुर्डेबाई खाली उतरून स्वतः बघून गेली, तिथे नाही. त्यांना माझा राग आला तर येऊ दे, तुझा नको. मुर्मूचं नाव तू स्वतः भर, तो भरणार नाही. आणि त्याच्याखाली तुझंही भर. शेवटचा पंप बंद होईपर्यंत थांबण्याचं मनात आणू नकोस, ते तुझ्या मनात आहे हे मला ठाऊक आहे. हे पत्र वहिनींना वाचायला दे. सगळंच दे, कांद्याचा भागसुद्धा. त्या दिवशी 'बघू' म्हटलं त्याचं उत्तर मला त्यांना द्यायचं आहे. यानंतर दरवर्षीसारखं दिवाळीला तुझं पत्र आलं नाही तर मी वाट बघेन, पण गैरसमज करून घेणार नाही.

तुझीच,
मैना